इशाऱ्यावरचा स्वयंपाक

गोदीतल्या सगळ्यांत उंच क्रेनवर जी बाई बसते तिला सगळे क्रेनवालीच म्हणतात. अकरा वर्षं झाली तिला त्या केबिनमध्ये. जमिनीपासून साठ फुटांवर काचेची एवढीशी खोली, पायाखालीही काच, आणि दोन हातांना दोन दांडे. जहाजाच्या पोटातून वीस टनांचा डबा ती उचलते आणि ट्रकवर असा अलगद टेकवते, की ड्रायव्हरच्या हातातला चहा हिंदकळत नाही. हे तिनं कधी सांगितलेलं नाही, ड्रायव्हरच सांगतात. तिला विचारा, ती म्हणेल, "त्यात काय एवढं? खालचा माणूस खुणा करतो, तसं करायचं."

अशा बाईनं एका पातेल्याला घाबरावं ही गंमतच. पण घाबरायची खरी.

दोष द्यायचाच तर तिच्या नवऱ्याला द्यावा. माणूस आचारी, गोदीच्या कँटीनमध्ये कामाला. घरी आला की घरचा ओटाही त्याचाच, तिथं तो कुणाला फिरकू देत नसे. "तू दिवसभर लोखंड उचललंस, आता बस," असं म्हणून बायकोला खुर्चीत बसवी. चारचौघींना हेवा वाटावा असा नवरा. दहा वर्षं ती त्या खुर्चीत बसली. मग यंदा त्याला मोठ्या जहाजावर काम मिळालं, सात महिन्यांचं, आणि तो गेला तेव्हा घरात स्वयंपाक येणारं एकही माणूस उरलं नाही.

जाताना त्यानं फ्रीज ठासून भरला होता. तो पंधरा दिवस पुरला. पुढे पाव आणि अंडं. दुसऱ्या दिवशी अंडं आणि पाव. फारच कंटाळा आला तर बिस्किटं. मुलगी नऊ वर्षांची, लहानखुरी आणि सदा कशात ना कशात गुंतलेली, म्हणून तिला मुंगी म्हणत. मुंगीनं चकार शब्द काढला नाही. आई दमून येते हे तिला दिसत होतं, आणि एवढं दिसलं की काही मुलं मागायचंच सोडून देतात.

मग शाळेत सगळ्यांची तपासणी झाली. मुंगीच्या कागदावर रक्ताचा आकडा लाल शाईत आला. शाळेची नर्स समजूतदार होती. ती ओरडली नाही, तिनं दुसरा एक कागद हातात ठेवला. वाचनालयाच्या मागच्या सभागृहात दर शनिवारी सकाळी आईबापांनी आणि मुलांनी मिळून स्वयंपाक शिकायचा, काय खावं आणि का खावं ते समजून घ्यायचं. आठ शनिवार.

हा कागद टेबलावर होता तेव्हाच आत्या आली. आत्या म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. माया पोटात भरपूर, पण ती जिभेपर्यंत पोचेतो तिचा हुकूम होऊन जाई. लाल आकडा बघून तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं, वीस वीस टन उचलतेस आणि एका पोरीला नीट जेवू घालता येत नाही?"

क्रेनवाली टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करू लागली. तिलाही तेच टोचत होतं.

"भाऊ परत येईपर्यंत मुंगी माझ्याकडे राहील," आत्या म्हणाली. "खोली रिकामीच आहे. शाळाही माझ्या घरून जवळ. तुझ्यावर राग म्हणून नाही म्हणत मी. पोरीच्या अंगात रक्त नाही, ते दिसतंय म्हणून म्हणतेय."

"आम्ही क्लासला जाणार आहोत," मुंगी मध्येच म्हणाली आणि तिनं तो कागद आत्यासमोर सरकवला.

आत्यानं तो खालपर्यंत वाचला. तपासायला आलेली वही वाचावी तसा वाचला. "आठव्या शनिवारी सगळ्यांनी मिळून जेवण करायचं आणि घरच्यांना बोलवायचं," तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "ठीक आहे. मी येईन. पोरीच्या ताटात काय पडतं आणि त्यातलं पोटात किती जातं, ते बघेन आणि मग ठरवीन."

आत्या गेली. क्रेनवाली म्हणाली, "हो वन्सं," पण तेव्हा जिन्यात कुणीच नव्हतं.

पहिल्या शनिवारी सभागृहात बारा जोड्या जमल्या. मोठ्या खिडक्या, भिंतीलगत शेगड्या, मध्ये स्टीलची टेबलं आणि खुंटीला एप्रन. छोट्यांचे एप्रन इतके लांब, की पोस्टमनची मुलगी स्वतःच्याच एप्रनवर पाय देऊन पडली. शिकवणारी बाई सडपातळ आणि चपळ, मुलांनी पहिल्या पाच मिनिटांत तिला आहारताई करून टाकलं. फळ्यावर तिनं एक मोठं ताट काढलं, त्याच्या मधोमध रेघ मारली आणि म्हणाली, "हे अर्धं भाज्यांचं आणि फळांचं. याच्यावर भांडायचं नाही. भांडायचं असेल तर उरलेल्या अर्ध्यावर भांडा."

शेजारच्या टेबलावर एक शिंपी होता, जुळ्या मुलींना घेऊन आलेला. मुलींची नावं त्यानं धंद्यातलीच पाडली होती, एक सुई आणि एक दोरा. शिंपीकाका बोलका माणूस. "तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं. क्रेनवालीनं सांगितलं. "अरे वा! मग हे पातेलं म्हणजे तुम्हाला खेळणंच," तो म्हणाला. क्रेनवालीनं पातेलं दोन बोटांनी जरा लांब सरकवलं.

करायची होती ओट्सची लापशी. ओट्स, दूध, वर कापलेलं फळ. पाच वर्षांच्या मुलालाही जमावी अशी गोष्ट, आणि पाच वर्षांची मुलं शेजारी ती करत होती. आहारताई क्रेनवालीच्या शेगडीपाशी आली, "ढवळत राहा, हं, असं, हळूहळू," असं बोलली, आणि दालचिनी आणायला मागच्या कोठीत गेली.

क्रेनवालीचा हात थांबला. पळी पातेल्यात उभी, हात पळीवर, नजर कोठीच्या दारावर. शेगडी ढणढणत होती. दूध कडेनं चढलं, उतरलं, खाली धरायला लागलं. मुंगी एकदा आईकडे बघे, एकदा पातेल्याकडे. तिला वाटलं आईला काही तरी वेगळं माहीत आहे. आहारताई डबा घेऊन बाहेर आली, तेव्हा करपल्याचा वास खिडकीतून वाचनालयापर्यंत पोचला होता आणि आत कुणी तरी खोकत होतं.

"अहो बाई, ढवळत का नव्हता?"

"तुम्ही दिसत नव्हता," क्रेनवाली म्हणाली.

सगळं सभागृह हसलं. वाईट हेतूनं नाही, पण हसलं. मुंगी कानापर्यंत लाल झाली आणि करपलेलं पातेलं घासायला घेऊन गेली. घासताना तिनं मागे वळून बघितलं नाही.

घरी जाताना निम्मा रस्ता मुंगी दोन पावलं पुढे चालत होती. मग मुंगीनं विचारलं, "आई, तू खरंच का थांबलीस?"

"नियम आहे. खालचा इशारा देणारा माणूस दिसेनासा झाला, की हात जागच्या जागी थांबवायचे. काहीही होवो. तो दिसेपर्यंत हलवायचं नाही. अकरा वर्षं तेच केलंय गं, हात आपोआपच थांबले."

"पण लापशीला कुठे माहीत आहे तुझा नियम?"

क्रेनवालीला हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही आलं. दोन्ही गिळून ती म्हणाली, "मला तेवढंच येतं, मुंगे. कुणी सांगितलं की उत्तम करते. आपल्या मनानं काय करायचं ते मला कळत नाही. तुझे बाबा बघून, वास घेऊन, ऐकून करतात. मला कढईतला आवाजसुद्धा समजत नाही."

मुंगी एका दुकानाच्या पायरीवर चढली, उतरली, पुढच्या पायरीवर चढली. विचार करताना तिला पाय मोकळे लागत.

"मग मी दिसत राहीन," ती म्हणाली.

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं घडलं, आणि मला विचाराल तर स्वयंपाकाच्या कुठल्याही पुस्तकात एवढं कामाचं वाक्य नसेल.

क्रेनच्या खुणा मुंगीला तोंडपाठ होत्या. लहानपणी जेवताना दोघींचा तो खेळच होता, चमचा म्हणजे क्रेन आणि मुंगीचं तोंड म्हणजे जहाज. बोट वर करून गोल फिरवलं की वर. बोट खाली करून फिरवलं की खाली. एका हातानं खूण आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यावर धरला की हळू. हात आडवा पसरून तळवा खाली केला की थांब. दुसऱ्या शनिवारी मुंगी टेबलाच्या पलीकडे स्टुलावर उभी राहिली आणि आहारताई जे सांगेल ते कान टवकारून ऐकू लागली. कांदा कुठल्या रंगाचा झाला की पुढे जायचं, भाजीतलं पाणी आटल्याचा आवाज कसा असतो, तांदूळ शिजला हे दाण्यावरून कसं ओळखायचं. ऐकलं की आईकडे वळायची आणि खूण करायची. बोट वर, आच वर. बोट खाली, आच खाली. आणि क्रेनवालीचे हात, ते हात काय सांगावेत! एकदा खूण मिळाली की शेगडीचं बटण केसभर फिरे, जास्त नाही, कमी नाही. कांदा असा परतला गेला, की शिंपीकाका स्वतःचं पातेलं सोडून बघायला आला.

"हे काय चाललंय?" आहारताईनं विचारलं.

"मी इशारे देते आणि आई चालवते," मुंगी म्हणाली.

आहारताईनं वाकून क्रेनवालीचं पातेलं बघितलं. मग पलीकडच्या टेबलांना म्हणाली, "इकडे बघा जरा सगळे. मूल डोळे उघडे ठेवून उभं राहिलं की किती शिकतं ते बघा." क्रेनवालीनं मान खाली घातली, पण पळी थांबवली नाही. मुंगीची मात्र उंची स्टुलासकट दोन बोटं वाढली.

पुढच्या शनिवारी निम्म्या टेबलांवर पोरं स्टुलावर. शिंपीकाकाची तर भंबेरीच उडाली. सुई म्हणे आच वर, दोरा म्हणे आच खाली, आणि काका मध्ये घाम पुसत उभा. क्रेनवालीला राहवेना. तीन शनिवारांत ती सभागृहात चार वाक्यं बोलली असेल, हे पाचवं. "काका, असं चालत नाही. सांगणारं माणूस एकच हवं. दोघांचं ऐकलं की माल पडतो. एकीला खुणा करू दे, दुसरीला चिरू दे, पुढच्या वेळी उलट." मग तिनं जोडलं, "फक्त 'थांब' ही खूण कुणीही करू शकतं. रस्त्यानं जाणाऱ्यानं केली तरी थांबायचं."

चौथ्या शनिवारी आहारताईनं रक्ताबद्दल सांगितलं. मसूर, पालक, अंडी, वर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगाला लागतं. आणि जेवणाबरोबर चहा नको. चहानं ते लोह अंगाला लागत नाही, निदान तासभर तरी मध्ये जाऊ द्यावा.

क्रेनवालीच्या हातातलं लिंबू तसंच राहिलं. रोज सकाळी सहाला, कामावर निघायच्या आधी, ती आपल्या कपातला अर्धा चहा मुंगीच्या कपात ओतायची. पावाबरोबर. दिवसातला तेवढाच वेळ दोघी एकत्र बसायच्या. ती लेकीला देत होती त्यातली सगळ्यांत प्रेमाची गोष्ट तीच होती, आणि तीच नडत होती. तिला इतकं वाईट वाटलं, की ती हात धुवायचं निमित्त करून नळाशी जाऊन उभी राहिली.

मुंगी मागोमाग आली. "आपण सकाळी संत्रं खाऊ," ती म्हणाली. "अर्धं तू, अर्धं मी. सहालाच."

घरचं शिक्षण असं सरळ झालं नाही, हे सांगायला हवं. एका सोमवारी राजमा दगडासारखा राहिला. एका बुधवारी भोपळ्याचं सूप इतकं पातळ झालं, की मुंगीनं ते पेल्यातून प्यायलं आणि "ज्यूस छान आहे" म्हणाली. जहाजावरून नवऱ्याचा फोन आला की तो चार हजार मैलांवरून मसाला सांगू लागे. मग मुंगी फोन हातात घेऊन म्हणे, "बाबा, सांगणारं माणूस एकच हवं," आणि तो बिचारा गप्प बसे. पण ताटात दर दिवशी काही तरी हिरवं पडू लागलं, काही तरी लाल पडू लागलं. सहाव्या आठवड्यात मुंगी एकदा मैदानावरून धावत जिना चढून आली आणि दारात नेहमीसारखी टेकायला थांबली नाही. क्रेनवालीनं ते पाहिलं. कुणाला बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये ती गुणगुणत होती, असं खालचा माणूस सांगतो.

सातव्या आठवड्यात शाळेच्या नर्सनं पुन्हा रक्त तपासलं. आकडा वर आला होता. पूर्ण भरला नव्हता, पण शाई निळी होती. क्रेनवालीनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आत्याला दाखवायला.

आठवा शनिवार उजाडला. साठ माणसं जेवायला येणार होती. भात, उकडलेली अंडी, गाजर-काकडीची कोशिंबीर, आणि मुख्य म्हणजे मसूर, पालक आणि लाल भोपळ्याचं दाट सूप, मोठ्या टोपात. त्या टोपाची शेगडी आहारताईनं कुणाला विचारलं नाही, सरळ मायलेकींना दिली. सकाळी आठपासून मुंगी स्टुलावर आणि क्रेनवाली टोपाशी. मसूर खाली धरू दिला नाही, पालक काळा पडू दिला नाही. साडेअकराला आहारताईनं चव बघितली आणि आणखी एक चमचा घेतला.

आता तो टोप सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, वाढायच्या टेबलापर्यंत न्यायचा होता. दोन कड्यांतून दोन लाकडी दांडे घालून चौघांनी उचलायचा. मागच्या वर्षी इथंच निम्मं सूप जमिनीवर गेलं होतं, असं आहारताईनं सांगितलं, आणि झालं, सगळ्यांना कंठ फुटला. पोस्टमन म्हणे डावीकडून, शिंपीकाका म्हणे आधी टेबल सरकवा, एक आजोबा बसल्या जागेवरून म्हणे झाकण काढा, दुसरे म्हणे काढू नका. आहारताई दोन्ही हात वर करून उभी, तिचं कुणी ऐकेना. चौघांनी दांडे धरले आणि टोप एका बाजूला कलला.

"खाली ठेवा!" क्रेनवाली म्हणाली.

साठ फुटांवरून खाली ऐकू जावा असा तो आवाज होता. सभागृहानं तो याआधी ऐकला नव्हता. टोप शेगडीवर टेकला.

"आता सगळे गप्प. सांगणारं माणूस एकच. मुंगी सांगेल." ती एका दांड्याशी जाऊन उभी राहिली. "काका, तुम्ही माझ्यासमोर. पोस्टमन, तुम्ही मागे, आहारताई तुमच्यासमोर. तिच्या हाताकडे बघायचं. टोपाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं नाही. तिच्या हाताकडे."

नऊ वर्षांची मुंगी वाटेच्या पलीकडच्या टोकाला स्टुलावर चढली. एवढी चार मोठी माणसं आपल्या बोटाकडे बघताहेत हे पाहून तिनं स्टुलावर पाय घट्ट रोवले. मग तिनं बोट वर केलं, दुसऱ्या हाताचा तळवा त्यावर धरला, आणि बोट गोल फिरवलं. टोप उठला. सरळ, एका रेषेत. तिनं हातानं पुढे बोलावलं. टोप पुढे निघाला. सभागृहात फक्त चपलांचा आवाज. आई मुंगीकडे बघत होती, मुंगी आईकडे, आणि मधलं ते उकळतं ओझं जणू दोघींनी नजरेवर उचललं होतं.

निम्म्या वाटेवर दाराकडून आवाज आला, "थांबा!"

चौघंही होते त्या पावलावर थांबले. टोप हिंदकळला नाही. शिंपीकाकाची दोरा, हातातून निसटलेल्या लिंबामागे, टेबलाखालून रांगत थेट टोपाच्या वाटेत आली होती. मुंगीचे डोळे आईवर होते, उचलणाऱ्यांचे मुंगीच्या हातावर, त्यामुळे त्यांच्यापैकी कुणालाच ती दिसली नाही. दिसली ती दारात नुकत्याच येऊन उभ्या राहिलेल्या आत्याला. चाळीस वर्षं शाळेचं मैदान एका हाकेत गप्प केलेला तो आवाज होता. दोरा लिंबू घेऊन मागच्या मागे पळाली. शिंपीकाकाचा जीव भांड्यात पडला.

"बाई, असं एकदम ओरडू नका, हातातून सुटलं असतं," पोस्टमन घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला.

"नाही, त्यांनी बरोबर केलं," क्रेनवाली म्हणाली. "थांब कुणीही म्हणू शकतं. चल मुंगे."

मुंगीनं पुन्हा बोट फिरवलं. टोप वाढायच्या टेबलावर टेकला आणि काठावरून एक थेंब खाली आला नाही. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो ऐकून वाचनालयातले लोकही उठून बघायला आले. मुंगी स्टुलावरून उतरायला तयार होईना. बाकीच्या मुलांनी तिला उतरवली. क्रेनवालीला दांडा सोडायचं सुचेना. अकरा वर्षं तिनं माल उतरवला होता. माल उतरताना कुणी टाळ्या वाजवत नाही.

जेवणं सुरू झाली. आत्या मुंगीच्या समोर बसली, चष्मा लावून, ठरवलं होतं तशी. मुंगीनं भात घेतला, सूप घेतलं, वर लिंबू पिळलं. अंडं घेतलं, कोशिंबीर घेतली. खाताना ती बोलत होती, सुईशी, दोराशी, मध्येच आत्याशी. वाटी रिकामी झाली. उठली, परत भरून आणली. आत्या प्रत्येक घास बघत होती. तिनं स्वतःच्या वाटीत अजून चमचाही घातला नव्हता.

क्रेनवाली शेजारी बसली होती. पर्स मांडीवर, पर्सच्या आत तो निळ्या शाईचा कागद. आता काढावा, आत्यासमोर ठेवावा. ती आत्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आता ही काही बोलेल, आता काही सांगेल. मग तिला स्वतःचीच कमाल वाटली. ती वाट बघत होती. आपली मुलगी आपल्याजवळ राहावी की नाही, याची खूण दुसऱ्या कुणाकडून येईल म्हणून वाट बघत होती. तिनं पर्स खुर्चीखाली ठेवून दिली.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही काही ठरवायच्या आधी मी सांगते. मुंगी माझ्याकडेच राहणार. आज जेवण चांगलं झालं म्हणून नाही. आज सगळं करपलं असतं तरी ती माझ्याकडेच राहिली असती. मला येत नव्हतं, मी शिकले. उद्या आणखी काही येणार नाही, तेही शिकेन. पण तिच्या जवळ राहून शिकेन. हे मी तुम्ही आलात त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

मुंगीचा चमचा हवेत थांबला होता. मुख्याध्यापिकेला असं तोंडावर सांगणारं माणूस चाळीस वर्षांत कुणी भेटलं नसेल. आत्यानं चष्मा काढला. पुसला. पण लावला नाही, तसाच हातात धरला.

"त्या दिवशी बोलली असतीस," ती म्हणाली, "तर मी आठ शनिवार त्या रिकाम्या खोलीत नवी चादर घालून बसले नसते." आणि आवाज जरा सावरून, "बरं केलंस बोललीस. मला वाटलं होतं तू बोलणारच नाहीस. त्याचंच मला जास्त भय होतं."

मग तिनं चमचा उचलला आणि जेवायला लागली. आधी एक घास, मग दुसरा, मग न थांबता. क्रेनवालीनं मुंगीच्या पाठीवर हात ठेवला.

टेबलाच्या पलीकडून पोस्टमनची म्हातारी आई केव्हाची बघत होती. तिला राहवेना. आत्याकडे वाकून तिनं विचारलं, "ती मघाशी आवाज दिलेली बाई तुमची कोण हो?"

"माझी भावजय," आत्या म्हणाली. आणि मग पुढचं तिनं, सबंध सभागृहाला ऐकू जाईल अशा त्याच आवाजात सांगितलं, "गोदीत क्रेन चालवते. आणि तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत ना, ते सूप तिनं आणि माझ्या भाचीनं केलंय."